सीपॅप घेऊन मुक्कामी जाताना

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं, कार्य उरकायचं, तिसऱ्या दिवशी परत. स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार असलेल्या माणसाच्या घरी अशा वेळी हमखास एक वाक्य ऐकू येतं, ‘दोन रात्रींनी काय होतंय, राहू दे मशीन घरी.’ मी स्वतः हे मशीन, म्हणजे सीपॅप, वापरतो आणि या वाक्याशी माझं अजिबात जमत नाही. मशीन आजार बरा करत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, ती हवेच्या दाबानं उघडी ठेवणं एवढंच त्याचं काम. दाब थांबला की वाट पुन्हा मिटते, आणि ती पहिल्याच रात्री मिटायला लागते. महिनोन्महिने नेमानं मशीन लावलं म्हणून दोन रात्रींची सूट मिळत नाही. त्यातून परतीला गाडी स्वतः चालवायची असेल आणि वाटेत खंबाटकी घाट असेल, तर अर्धवट झोपेची जोखीम आपल्या एकट्याची राहत नाही. तेव्हा मशीन न्यायचं, हे पक्कं धरून पुढचं लिहितो.

प्रवासात सगळ्यात जास्त दगा देते ती वीज. मास्क, पाणी, फिल्टर यांचं काहीतरी जमवता येतं. विजेचं आधीच जमवावं लागतं.

सुरुवात अडॅप्टरपासून करा. तो उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. इनपुटसमोर बहुतेक वेळा 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे घरच्या 230 व्होल्टवर आणि रेल्वेच्या काही डब्यांतल्या 110 व्होल्टवरही तो चालतो. आउटपुटसमोरचा आकडा जास्त महत्त्वाचा. काही मशीन 12 व्होल्टवर चालतात, रेसमेड कंपनीची एअरसेन्स मालिका 24 व्होल्टवर. बॅटरी किंवा कारमधल्या सॉकेटची वायर विकत घेताना हाच आकडा जुळवायचा. पिन बसली म्हणजे व्होल्ट जुळले असं होत नाही. मोबाइलच्या पॉवर बँकेवर 24 व्होल्टचं मशीन थेट चालत नाही. तिच्यावर 20,000 एमएएच असा मोठा आकडा दिसला तरी नाही.

एमएएचच्या आकड्यावरून आपल्याला काही समजत नाही, वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण वीज किती मावते, ते समजून घ्यावे लागतात. 20,000 एमएएचची पॉवर बँक आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टनं गुणली की 74 वॅट-अवर होतात. आता मशीनची भूक बघू. समजा दाब 10 सेंटिमीटरच्या (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात) आसपास आहे, पाणी तापवून हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी दोन्ही बंद आहेत, आणि मशीन सरासरी 12 वॅट घेतं. आठ तासांचे 96 वॅट-अवर झाले. वायर आणि व्होल्ट जुळवणारा कन्व्हर्टर यांतली गळती धरली की 110 लागतात. 95 वॅट-अवरची बॅटरी अशा वेळी सात तासांच्या आतच संपते. ह्युमिडिफायर चालू ठेवला आणि सरासरी 40 वॅटवर गेली, तर तीच बॅटरी दोन-सव्वादोन तासांत संपून पहाटेच्या आधीच हवा थांबते. पाणी तापवायला मोटरपेक्षा कितीतरी जास्त वीज लागते. म्हणून बॅटरीवर झोपायचं त्या रात्री ह्युमिडिफायर बंद, हा नियम.

दाब जास्त असेल किंवा मास्क गळत असेल, तर 12 चे 15-18 वॅट व्हायला वेळ लागत नाही. आपल्या मशीनचा आकडा घरीच मोजावा. प्लगमध्ये लावायचा वॅट-मीटर मिळतो. तो नसेल तर सरळ एक रात्र बॅटरीवर झोपावं. प्रवासाच्या आठवडाभर आधी, ह्युमिडिफायर बंद करून, जसं बाहेर झोपणार तसंच. बॅटरी पाचला संपली तर घरी पाचला संपेल आणि उठून प्लग लावता येईल. त्याच रात्री आणखी एक बघून घ्या. मशीन चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा आणि मिनिटभरानं पुन्हा चालू करा. काही मशीन आपोआप चालू होतात, काही श्वास घेतल्यावर सुरू होतात, काहींचं बटण दाबावंच लागतं. आपलं कुठल्या जातीचं आहे हे अंधारात, परक्या गावी कळण्यात अर्थ नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालतं, फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर अडॅप्टर तापतो आणि गुणगुणतो. सांगलीकरांना बॅटरीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांनी अंधारात रात्री काढल्या, त्यांना प्रवासाची बॅटरी ही चैन वाटणार नाही.

बॅग भरताना

पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, शक्यतो मशीनपासून सुटी करून ठेवायची. प्रवासात मशीन खराब होण्याचं अगदी टाळता येण्याजोगं कारण म्हणजे टाकीत राहिलेलं पाणी. बॅग आडवी झाली की ते मोटरकडे जातं. नळी सैल वेटोळं करून ठेवा, दुमडली की तिथेच चीर जाते. मास्क वेगळ्या स्वच्छ पिशवीत, त्याच्या कुशनवर, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या सिलिकॉनच्या कडेवर, वजन येऊ द्यायचं नाही. बरोबर एक जादा फिल्टर, एक जादा मास्क-कुशन, तीन मीटरचं दणकट एक्स्टेन्शन आणि थोडी कापडी चिकटपट्टी. मिरज दवाखान्यांचं गाव आहे, पण तिथेही नेमक्या मापाची कुशन काउंटरवर लगेच मिळेल या भरवशावर राहू नये. ती बहुतेक वेळा मागवावी लागते. मग महाबळेश्वरला किंवा जतला शोधत फिरण्यात काय हशील?

डॉक्टरांचं पत्र एका पानाचं पुरतं. त्यात निदान, मशीनचं नाव आणि मॉडेल, ठरवून दिलेला दाब, आणि रोज झोपेत वापरणं आवश्यक आहे हे वाक्य. सेटिंगच्या स्क्रीनचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. मशीन बंद पडून दुसरं भाड्यानं घ्यायची वेळ आली तर ‘दाब किती होता’ याचं उत्तर तिथे तयार असतं.

रेल्वे आणि ट्रॅव्हल्स

सांगली, कराड, साताऱ्याहून रात्री मुंबईला जायचं तर एसीच्या डब्यात खालचा बर्थ मागावा. खिडकीखालच्या छोट्या टेबलावर मशीन बसतं, सॉकेट जवळ असतो आणि नळी कुणाच्या पायात येत नाही. पण त्या सॉकेटवर रात्र काढायचा बेत करू नका. आगीच्या घटनांनंतर 2021 मध्ये रेल्वेनं रात्री 11 ते पहाटे 5 चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवण्याचं धोरण घेतलं. ते कुठल्या डब्यात किती पाळलं जातं यावर आपला श्वास कशाला टांगायचा? शिवाय विजेवर धावणाऱ्या गाडीत इंजिन न्यूट्रल सेक्शनमधून, म्हणजे वरच्या तारेत वीज नसलेल्या छोट्या टप्प्यातून जाताना पुरवठा काही क्षण तुटू शकतो. रात्रीची मुख्य वीज बॅटरीची, सॉकेट मिळाला तर तो वरकड. अटेंडंटला बसल्या बसल्या सांगून ठेवलेलं बरं, ‘दादा, हे श्वासाचं मशीन आहे, रात्री वायर काढू नका.’ एवढ्यानं काम होतं. धावत्या गाडीत टाकीत पाणी भरायचं नाही, ह्युमिडिफायर नाही म्हणजे नाहीच.

खासगी स्लीपर बसमध्ये बहुतेक ठिकाणी फक्त यूएसबीचा पॉइंट असतो, त्यावर सीपॅप चालत नाही. इथे बॅटरीशिवाय मार्ग नाही. मशीनची बॅग डिकीत द्यायची नाही. वर इतरांच्या बॅगा पडतात, आत उकडतं, आणि लिथियमची बॅटरी तिथे ठेवणं तर मुळीच बरोबर नाही. झोपायच्या कप्प्यात मशीन पायाशी ठेवून नळी अंगावरून वर घेण्यापेक्षा डोक्याच्या बाजूला, भिंतीशी, टॉवेलच्या घडीवर ठेवावं. हवा आत घेणारी फिल्टरची बाजू मोकळी हवी, ती पांघरुणाखाली गेली की आवाज वाढतो आणि मशीन तापतं. एसीचा झोत थेट मास्कवर येत असेल तर तो फिरवावा, नाहीतर सकाळी नाक कोरडं ठणठणीत.

स्वतःच्या कारमध्ये मुक्काम करायची वेळ आली, तर मशीनच्या कंपनीचा डीसी कन्व्हर्टर वापरावा. आधी इंजिन चालू करायचं, मग कन्व्हर्टर लावायचा. गाडी सुरू होताना बसणारा झटका मशीनपर्यंत जाऊ नये म्हणून हा क्रम.

लॉज आणि मंगल कार्यालय

लॉजवर खोली बघताना गाद्यांच्या आधी सॉकेट बघावेत. पलंगाच्या उशाशी असलेला सॉकेट अनेकदा ढिला निघतो, पिन लावून हलकं हलवलं की कळतं. ढिला वाटला तर दुसऱ्या सॉकेटवरून आपलं एक्स्टेन्शन ओढायचं आणि वायर भिंतीकडेनं न्यायची, म्हणजे रात्री उठताना अडकत नाही. मशीन स्टुलावर, पण उशीच्या पातळीपेक्षा खाली. नळीत साचलेलं पाणी उतारानं टाकीकडे परत जावं, मास्ककडे येऊ नये. जमिनीवर थेट ठेवलं तर धूळ आणि मुंग्या दोन्ही आत ओढल्या जातात. दिवसा बाहेर पडताना नळीचं तोंड आणि मास्क पिशवीत बंद करून जायचं. जुन्या लॉजमध्ये झुरळांचा काही नेम नसतो.

कार्यालयात लग्नघरची मंडळी हॉलमध्ये ओळीनं गाद्या टाकून झोपतात, तिथे मशीन लावायला संकोच वाटतो हे खरं. भिंतीकडेची, सॉकेटजवळची गादी संध्याकाळीच धरून ठेवा. ‘काका, हे ऑक्सिजनचं का?’ असं विचारणारा एक तरी भेटतोच. साधी हवा दाबानं देतं, असं सांगितलं की त्याचं समाधान होतं. नळीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून ती उशीमागून घ्या. बोर्डवर मोबाइलच्या चार्जरांची गर्दी होते आणि रात्री कुणीतरी ‘कुणाची वायर आहे ही’ म्हणत नेमकी आपलीच काढतो. प्लगवर कापडी पट्टी लावून ‘काढू नये, श्वासाचं मशीन’ असं ठळक लिहा. शेजारच्यांना आवाजाचा त्रास होईल ही भीती सहसा खोटी ठरते. मशीनचा आवाज पंख्याखाली विरून जातो, आणि आपल्या घोरण्यापुढे तर तो काहीच नाही. मास्कमधून फुस्स आवाज मात्र येत असेल तर ती गळती आहे.

गळतीचं एक कारण आपल्याकडे फार दिसतं, ते म्हणजे तेल. डोक्याला चोपडलेलं खोबरेल, चेहऱ्याला लावलेली क्रीम, लग्नातला मेकअप. सिलिकॉनची कड त्यावर बसत नाही, घसरते, आणि माणूस पट्टे आवळत सुटतो. पट्टे आवळून गळती थांबत नाही, नाकाच्या हाडावर वळ तेवढे उठतात. आधी चेहरा साबणानं धुवून कोरडा करा, कुशन कोमट पाण्यानं धुवा, आडवं होऊन मशीन चालू करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून हवा भरू द्या आणि मग टेकवा. पट्टे बसून नाही, झोपून जुळवायचे, कारण आडवं झाल्यावर गालांचा आकार बदलतो.

महाबळेश्वरचा गारठा, जतचा उन्हाळा

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटरवर आहे. हवा विरळ होते तसा दाब जुळवावा लागतो, पण हल्लीची मशीन ते आपोआप करतात. जुन्या मशीनवर उंचीचं सेटिंग हातानं द्यावं लागे, तसं असेल तर पुस्तिका बघा. तिथला खरा त्रास नळीत पाणी साचण्याचा. ह्युमिडिफायरमधून निघालेली उबदार ओली हवा थंड नळीत येते आणि आतल्या बाजूला थेंब धरतात. आधी नळीत गुळगुळ आवाज येतो, मग दाब हिसके दिल्यासारखा लागतो, आणि शेवटी नाकावर थंड पाण्याचा शिंतोडा बसून जाग येते. मशीन बिघडलं असं वाटून बरेच जण ते तिथेच बंद करतात. तसं करायचं कारण नाही. नळी काढून वर धरा, पाणी झटकून टाका, ह्युमिडिफायर दोन पायऱ्या खाली आणा आणि नळी पांघरुणाच्या आतून घ्या. मास्क मात्र बाहेरच ठेवा. त्यावरच्या बारीक छिद्रांतून उच्छ्वास बाहेर पडतो, ती झाकायची नाहीत. गरम होणारी नळी असेल तर तिचं तापमान एखाद-दोन अंश वाढवा.

पावसाळ्यात भिंतींना ओल असते, चादरी दमट असतात, म्हणून ह्युमिडिफायर लागणारच नाही असं वाटतं. काहींना खरंच लागत नाही. पण थंड हवा कितीही ओलसर असली तरी तिच्यात पाण्याचा अंश कमीच मावतो. नाकात जाऊन ती तापली की कोरडी पडते. दारात धुकं आणि नाकात खपली, असं होऊ शकतं. आकडा 1 किंवा 2 वर ठेवून बघावं. पावसात तिथे वीज जाते, हॉटेलचा जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो. त्या वेळात मास्कमध्ये हवा येत नाही. तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कला अशा वेळी उघडणारी झडप असते, नुसत्या नाकाच्या मास्कमध्ये तोंडानं श्वास घेता येतो. तरीही जाग आल्यावर हवा आली नसेल तर मास्क काढायचा आणि बॅटरी लावायची. म्हणून लॉजवरही बॅटरी भरलेली आणि हाताशी हवी, बॅगेच्या तळाशी नको.

जत, आटपाडीकडे एप्रिल-मेमध्ये सगळं उलटं. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान 5 ते 35 अंश असावं असं लिहिलेलं असतं, आणि मोटरमधून जाताना हवा आणखी थोडी तापते. पत्र्याच्या खोलीत हे गणित बिघडतं. मशीन भिंतीतल्या कोनाड्यात कोंबू नका, मोकळ्या हवेत ठेवा, पाण्याचा ताप शून्यावर आणा. थंड पाण्यावरून गेलेली हवा तिथे बरी वाटते.

पाणी कुठलं हाही प्रश्न तिथलाच. ह्युमिडिफायरला डिस्टिल्ड वॉटर उत्तम, आणि ते घरून बाटलीतून न्यावं. बोअरचं पाणी घातलं तर काही रात्रींतच टाकीच्या तळाला पांढरा थर धरतो. एखाद-दोन रात्रींसाठी सीलबंद बाटलीचं किंवा आरओचं चालेल, रोज सकाळी ओतून टाकून. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी नको. त्यात क्षार कमी असतीलही, पण ते श्वासात जाण्यासाठी भरलेलं नसतं. क्षाराचा थर बसलाच तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी टाकीत दहा मिनिटं ठेवून भरपूर धुवावं.

वारीला

माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा मुक्काम करत पुढे जाते. सीपॅप असलेला माणूस वारीला जाऊ शकतो, हे ठामपणे सांगावंसं वाटतं, कारण ‘आता मशीन लागलं, वारी सुटली’ असं मानून घरी बसणारे असतात. डॉक्टरांचा होकार घ्या आणि विजेची सोय दिंडीच्या ट्रकवर करा. लिथियम फेरो फॉस्फेटची 12 व्होल्ट, 24 अॅम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण 300 वॅट-अवर, वरच्या हिशेबानं अडीच रात्री. ती ट्रकवर राहते, खांद्यावर घ्यावी लागत नाही. चार्जिंग मुक्कामाच्या गावात, ओळखीच्या घरी, दुकानात किंवा दिंडीच्या जनरेटरवर, योग्य चार्जरनं. एक धोका लक्षात ठेवा. मोठ्या ट्रकची वीज बहुधा 24 व्होल्टची असते. कारचा 12 व्होल्टचा चार्जर तिथे जोडला तर तो जळू शकतो. आणि आपलं मशीन 24 व्होल्टचं आहे म्हणून ते थेट ट्रकच्या बॅटरीला लावणं त्याहून वाईट, कारण इंजिन चालू असताना तिथे 28 व्होल्टच्या आसपास भरतात. पावसाच्या दिवसांत सोलर पॅनेलचा भरवसा धरू नये.

राहुटीत मशीन प्लास्टिकच्या उलट्या घमेल्यावर ठेवा, खाली ओल येते. फिल्टर रोज बघा. रस्त्याच्या धुळीनं तो दोन-तीन दिवसांत करडा होतो आणि करडा झाला की बदलायचा. एकदाच वापरायचा फिल्टर धुवून पुन्हा लावायचा नसतो.

विमान

पुणे किंवा कोल्हापूरहून जाताना मशीन हातातल्या बॅगेत घ्या, चेक-इनमध्ये नाही. वैद्यकीय उपकरण म्हणून ते वजनात धरणार की नाही हे कंपनीकडून आधी ईमेलवर लेखी घ्यावं. जादा बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते. 100 वॅट-अवरपर्यंतची चालते, 100 ते 160 ची विमान कंपनीच्या परवानगीनं, त्यापुढची नाही. बॅटरीवर आकडा छापलेला नसेल तर सुरक्षा तपासणीत अडतं.

मशीन बंदच पडलं तर

एका रात्रीपुरतं करता येईल ते असं. कुशीवर झोपा, पाठीमागे लोड किंवा गुंडाळलेलं घोंगडं लावा म्हणजे उताणं होता येत नाही. डोक्याकडची बाजू उंच करा. दारू नाही, आणि झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही; दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या. अॅप्निया तीव्र असेल, सोबत हृदयाचा आजार असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून मशीन भाड्यानं मिळवायच्या मागे लागा.

घरी आल्यावर नळी, मास्क आणि टाकी कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवून सावलीत वाळवा. डेटॉल, स्पिरिट, ऊन, काही नको. मग मशीनच्या स्क्रीनवर प्रवासातल्या रात्रींचे आकडे बघा. तासाला श्वास अडकण्याचा आकडा घरी 5 च्या आत असतो आणि बाहेर तो चढला असेल, तर शेजारी गळतीचा आकडा पाहा. रेसमेडच्या मशीनवर मिनिटाला 24 लिटरपर्यंतची गळती चालते. गळती वाढलेली असेल तर मास्कचं काम. गळती नीट असून आकडा चढला असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि बॅटरी पूर्ण भरून कपाटात टाकू नका. लिथियमची बॅटरी निम्मी भरून ठेवलेली जास्त टिकते. दोन-तीन महिन्यांनी एकदा काढून थोडी भरायची, आणि पूर्ण भरायची ती पुढच्या प्रवासाच्या आदल्या रात्री.